वाचकांचे प्रश्न : पंधरा मिनिटांत परत येतो

मागील अंकात केंड्रिक लमार या अमेरिकी रॅपरच्या 'गुड किड, मॅड सिटी' या दुसऱ्या स्टुडिओ अल्बमचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर या महिन्यात इतकी पत्रे आली की हा संपूर्ण स्तंभ त्यांनाच द्यावा असे ठरवले. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. माझा नातू अभियांत्रिकीला आहे आणि आपण लिहिलेला अल्बम तो वर्षभर ऐकतो आहे. त्याच्याशी बोलता यावे म्हणून मी त्यातील 'बॅकसीट फ्रीस्टाइल' आणि 'स्विमिंग पूल्स' ही दोन गाणी शब्द समोर ठेवून ऐकली. पहिल्यात निव्वळ फुशारकी आणि शिवराळपणा आहे, तर दुसऱ्यात दारूचा उत्सव. ज्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले तो कवी हाच काय? असल्यास, यात काव्य कोठे आहे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : महोदय, शब्द समोर ठेवून ऐकण्याचे कष्ट आपण घेतलेत, या संगीताच्या अनेक चाहत्यांनीही ते घेतलेले नसतात. प्रथम पुलित्झरविषयी. ते पारितोषिक 2018 मध्ये मिळाले, पण ते लमारच्या चौथ्या अल्बमला, 'डॅम'ला. अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेरील रचनेला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. आपण ऐकलेली गाणी 22 ऑक्टोबर 2012 रोजी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अल्बममधील आहेत, आणि माझ्या मते काव्य शोधायचे तर ते येथेच अधिक सापडते. मात्र दोन गाणी सुटी काढून ऐकली की ते हाती लागत नाही. आपली काहीच चूक नाही. मी स्वतः हा अल्बम पहिल्यांदा फोनवर गाण्यांचा क्रम उलटसुलट लावून, लोकलमध्ये ऐकला होता आणि आपल्यासारखेच मत करून घेतले होते.

या अल्बमच्या मुखपृष्ठावरच त्याला 'केंड्रिक लमारचा एक लघुपट' म्हटले आहे. ती जाहिरातबाजी नव्हे. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कॉम्प्टन नावाचे जेमतेम लाखभर वस्तीचे शहर आहे. तेथील सतरा वर्षांचा एक मुलगा आईची व्हॅन पंधरा मिनिटांसाठी म्हणून मागून घेतो आणि शेरेन नावाच्या मुलीला भेटायला निघतो. तिच्या घरापाशी पोहोचतो तोच काळ्या हुडीतील दोघे जण त्याला समोर दिसतात. नेमका त्याच क्षणी फोन वाजतो आणि कथा तुटते. आपल्याला ऐकू येतो तो आईचा निरोप : पंधरा मिनिटांत येतो म्हणाला होतास, मी गाडीची वाट पाहते आहे, मला सरकारी कचेरीत जायचे आहे, पोरांना भूक लागली आहे. मागून वडील विचारत असतात, माझ्या डॉमिनो खेळाच्या सोंगट्या कुठे ठेवल्यास? हे आवाज गायकाच्या खऱ्या आईवडिलांचे म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे काय झाले ते आपल्याला लगेच कळत नाही. ते सहाव्या गाण्याच्या शेवटी कळते. मधल्या गाण्यांत तोच मुलगा मित्रांबरोबर गाडीतून भटकताना भेटतो.

आपण ऐकलेले 'बॅकसीट फ्रीस्टाइल' हे या मधल्या भागातले आहे. मित्राने गाडीत बीट, म्हणजे शब्दांखाली फिरणारा ठेका, लावली आहे आणि मागच्या सीटवर बसलेला हा पोरगा सुचेल ते बोलतो आहे. त्याला हवा आहे पैसा आणि सत्ता, आणि आयफेल टॉवर ज्या संदर्भात येतो तो संदर्भ या मासिकात छापता येणार नाही. पण गाण्याची सुरुवात पुन्हा पाहा. मार्टिन ल्यूथर किंगचे स्वप्न आणि या पोराचे स्वप्न एका ओळीत शेजारी ठेवलेले आहे. पंचवीस वर्षांच्या कवीने सतरा वर्षांच्या स्वतःला केलेला तो चिमटा आहे, आणि त्या सतरा वर्षांच्या मुलाला तो चिमटा जाणवतही नाही. आपण वर्गात वर्षानुवर्षे पात्राची भाषा आणि लेखकाची भाषा यांतील फरक शिकवला असेल. कीर्तनकार बुवा आख्यानात दुःशासनाच्या तोंडचे शब्द ठसक्यात म्हणतात तेव्हा ते शब्द बुवांचे आहेत असे मांडवातील शेवटचा श्रोताही समजत नाही, कारण बुवा आता कोणाच्या तोंडून बोलत आहेत हे त्याला ठाऊक असते. येथे गाणे सुटे काढल्यामुळे ही खूण आपल्यापर्यंत पोहोचली नाही, इतकेच.

'स्विमिंग पूल्स'च्या बाबतीत आपली फसगत जगभरातील पार्ट्यांमध्ये नाचणाऱ्यांनाही झालेली आहे. धृपद पिण्याचा आग्रह करते, ठेका डोलायला लावणारा आहे, म्हणून ते मद्यालयांत जोरात वाजले. प्रत्यक्षात पहिल्याच कडव्यात तो सांगतो की, ज्यांचे आयुष्य बाटलीत गेले अशा माणसांत मी वाढलो; त्यात आजोबाही येतात. आग्रह करणारा आवाज मित्राचा आहे. दोन-तीन पेल्यांवर काय थांबतोस, असे तो हिणवतो. दुसऱ्या कडव्यात एक चिरका, विकृत केलेला आवाज मध्येच घुसतो आणि आपण या मुलाची सदसद्विवेकबुद्धी आहोत, असे सांगून ऐकले नाहीस तर संपशील असा इशारा देतो. आता नातवाकडून अल्बमचे मुखपृष्ठ मागून घ्या. घरगुती पोलरॉइड फोटो आहे. मांडीवर तान्हा केंड्रिक, आजूबाजूला दोन काका-मामा आणि आजोबा, आणि टेबलावर बाळाच्या दुधाच्या बाटलीबरोबर बिअरची मोठी बाटली. मोठ्यांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या मारल्या आहेत, बाळाचे डोळे तेवढे उघडे ठेवले आहेत. बाळाला धरणाऱ्या हाताची बोटे निरखून पाहिलीत तर ती टोळीची खूण करीत आहेत असे दिसेल. हे चित्र समोर ठेवून गाणे पुन्हा ऐकलेत तर त्यात उत्सव शिल्लक राहणार नाही, अशी माझी खात्री आहे.

शिव्यांविषयी एवढेच म्हणेन की त्या आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी काही मलाही अनावश्यक वाटतात. स्त्रियांविषयीचा त्या मुलांच्या बोलण्याचा सूर अनेक ठिकाणी ओंगळ आहे. लेखक तो दाखवतो हे खरे, पण दाखवताना त्यात रमतोही, हे 'बॅकसीट फ्रीस्टाइल'च्या बाबतीत मी नाकारणार नाही.

प्रश्न : काही ठिकाणी या अल्बमला लमारचा पहिला अल्बम म्हटले जाते, तर आपण दुसरा म्हटले आहे. बरोबर काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुसरा. पहिला 'सेक्शन एटी'. तो 2 जुलै 2011 रोजी टॉप डॉग या छोट्या स्वतंत्र कंपनीने फक्त डिजिटल स्वरूपात काढला. त्यानंतर रॅपर आणि संगीतनिर्माते डॉ. ड्रे यांची आफ्टरमाथ आणि तिच्या पाठीशी असलेली इंटरस्कोप या मोठ्या कंपन्यांनी लमारशी करार केला, आणि मोठ्या कंपनीकडून आलेला पहिला म्हणून पुष्कळ लोक 'गुड किड'लाच पदार्पण समजतात. डॉ. ड्रेदेखील कॉम्प्टनचेच. त्यांच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या 1988 च्या अल्बमने या शहराचे नाव जगभर, आणि बरेचसे कुप्रसिद्ध, केले होते. लमारच्या अल्बममधले शेवटचे गाणे 'कॉम्प्टन' हे दोघांनी मिळून म्हटले आहे. गाणे म्हणून ते मला फारसे आवडत नाही. विजयाच्या मिरवणुकीसारखे वाजते आणि आधीच्या अकरा गाण्यांनी जमवलेली अस्वस्थता जरा घाईने आवरते.

प्रश्न : 'सिंग अबाउट मी' या बारा मिनिटांच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आवाज हळूहळू नाहीसा होतो. आधी मला वाटले माझ्या इअरफोनमध्येच बिघाड आहे. पहिले कडवेही मध्येच तुटते. हे मुद्दाम केले आहे का, आणि त्यात बोलणारी स्त्री कोण? (एक वाचक, पुणे, एम.ए. प्रथम वर्ष)

उत्तर : आपला इअरफोन ठीक आहे. आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण या गाण्याचा सारा अर्थ आवाज कोठे आणि कसा थांबतो यातच साठवलेला आहे.

त्याआधीचा धागा सांगितला पाहिजे. सहाव्या गाण्याच्या शेवटी काळ्या हुडीतील ते दोघे या मुलाला 'कुठला तू?' असे विचारतात. कॉम्प्टनमध्ये या प्रश्नाचा अर्थ गाव विचारणे असा नसतो. तू कोणत्या टोळीच्या हद्दीतला, असा असतो. त्याला व्हॅनमधून खेचून मारहाण होते. पुढच्या, 'गुड किड' या गाण्यात लाल आणि निळा या दोन रंगांचा खेळ आहे. हे ब्लड्स आणि क्रिप्स या दोन टोळ्यांचे रंग आहेत आणि पोलिसांच्या गाडीवरील दिव्यांचेही तेच. टोळीवाले त्याला लाथाडतात. पोलीस त्याला शर्ट वर करायला लावतात, अंगावर टोळीचे गोंदण आहे का ते पाहण्यासाठी. चांगल्या मुलाने उभे राहायचे तरी कोणत्या रंगाखाली, हा त्या गाण्याचा प्रश्न आहे आणि गाणे त्याचे उत्तर देत नाही. मग दारूच्या रात्रीनंतर मित्र सूड घ्यायला निघतात आणि गोळीबारात त्यांच्यातला डेव्ह मरतो.

आता आपल्या गाण्याचे पहिले कडवे. बोलतो आहे तो डेव्हचा भाऊ. माझा भाऊ तुझ्या हातांत गेला, तू त्या वेळी जवळ होतास, याबद्दल मी तुझा ऋणी आहे, असे तो केंड्रिकला सांगतो. स्वतःही याच मार्गाने जाणार हे त्याला ठाऊक आहे. तो सांगतो की, तुझा अल्बम निघण्यापूर्वी मी गेलो तर… आणि वाक्य पुरे होण्याआधी गोळ्यांचे आवाज येतात. कडवे संपत नाही, बोलणारा संपतो. मी प्रथम ऐकले तेव्हा तो आवाज इतका अचानक आला की स्टेशन आल्याचेही लक्षात आले नाही.

दुसऱ्या कडव्यातली स्त्री समजण्यासाठी मागे, पहिल्या अल्बममध्ये जावे लागते. 'सेक्शन एटी'त 'कीशाज साँग' नावाचे गाणे होते. रस्त्यावर देहविक्रय करणाऱ्या सतरा वर्षांच्या कीशाची आणि तिच्या मृत्यूची ती कथा होती. ते लिहिले त्या दिवशी लमारने स्वतःच्या अकरा वर्षांच्या बहिणीला समोर बसवून ऐकवले, असे त्या गाण्याच्या शेवटी येते. कथेतून धडा घ्यावा, हा सरळ हेतू होता. दुसऱ्या अल्बमच्या या कडव्यात बोलते ती कीशाची बहीण. तिला राग आला आहे. माझ्या बहिणीचे नाव घेऊन गाणे करण्याचा अधिकार तुला कोणी दिला, तिच्यावर न्यायनिवाडा करणारा तू कोण, माझ्यावर असले गाणे करू नकोस, असे ती बजावते. ती स्वतःही त्याच धंद्यात आहे, आपले उत्तम चालले आहे असे ठासून सांगते, आणि मी कधीही नाहीशी होणार नाही असे पुन्हा पुन्हा म्हणत असतानाच तिचा आवाज बुडत जातो. शब्द चालूच राहतात, बीटही चालू राहते, आपल्याला मात्र ती ऐकू येईनाशी होते.

दुसऱ्या अल्बमविषयी संगीताच्या व्यवसायात एक नेहमीची धास्ती असते. पहिल्यासाठी आयुष्यभराची शिदोरी असते, दुसऱ्यासाठी वर्ष-दीड वर्ष मिळते आणि म्हणून तो फसतो, असे म्हणतात. लमारने येथे जे केले ते मला विलक्षण वाटते. त्याने आपल्याच पहिल्या अल्बममधील सर्वांत सहृदय समजल्या गेलेल्या गाण्याला दुसऱ्या अल्बममध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि फिर्यादीच्या बाजूने बोलायला त्या मुलीच्या बहिणीला आणले. तिसऱ्या कडव्यात तो स्वतःच्या आवाजात तिला उत्तर देतो. ते उत्तर प्रांजळ आहे, थोडे चाचरतही आहे. मी जे केले ते पुरेसे होते का, माझी लायकी आहे का, अशा प्रश्नांवर ते जाऊन थांबते. दुसऱ्याच्या दुःखावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला विचारता येईल असा हा प्रश्न आहे, पण येथे तो कोणी समीक्षक विचारत नाही, गाण्यातच विचारला जातो.

गाण्याचा उत्तरार्ध 'डाइंग ऑफ थर्स्ट'. मित्र पुन्हा सूडाची भाषा करीत असतात, तेव्हा एक वृद्ध स्त्री त्यांना अडवते. तुम्ही तहानेने मरत आहात, तुम्हाला पवित्र पाण्याची गरज आहे, असे सांगून ती त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेते. हा आवाज कवयित्री माया अँजेलो यांचा आहे. आणि ही प्रार्थना आपण आधीच ऐकलेली असते, कारण अल्बम सुरू होताना, कॅसेटची कळ दाबल्याच्या आवाजापाठोपाठ, मुलांच्या तोंडून तीच येते. शेवट आपल्याला पहिल्या मिनिटालाच दिलेला असतो, फक्त तो शेवट आहे हे दहाव्या गाण्यापर्यंत कळत नाही.

प्रश्न : मी सात वर्षे तबला शिकतो आहे. रॅपमध्ये लयीचे काम खरोखर असते का, की यंत्रावर एक आवर्तन फिरत ठेवून वर बोलायचे असते? या अल्बममधील एखादे उदाहरण द्यावे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आवर्तन फिरत ठेवलेले असते हे खरे आहे, आणि आपल्याकडेही ठेका स्थिर ठेवूनच वरचे काम केले जाते. पाहायचे असते ते शब्द मात्रेवर पडतात, मात्रेच्या पुढे धावतात की मागे रेंगाळतात हे. 'मॅड सिटी' हे आठवे गाणे घ्यावे. पूर्वार्धात लमार इतक्या दाट वजनाने शब्द टाकतो की श्वासाला जागा सापडत नाही. बोलणारा घाबरलेला मुलगा आहे आणि लहानपणी पाहिलेल्या खुनाची आठवण त्याला एका दमात सांगून टाकायची आहे. मध्यावर बीट पूर्णपणे बदलते, जुन्या पश्चिम किनाऱ्याच्या रॅपचा जड, रुंद ठेका येतो आणि त्याबरोबर कॉम्प्टनचाच आधीच्या पिढीतला रॅपर एमसी आइट येतो. नव्वदच्या दशकातला माणूस नव्वदच्या दशकातल्या ठेक्यावर. ठेका बदलला की पिढी बदलते, असा तो साधा पण नेमका हिशेब आहे.

उलट, वर चर्चिलेल्या बारा मिनिटांच्या गाण्याखाली जॅझ गिटारवादक ग्रँट ग्रीन यांच्या 1971 च्या वादनाचा एक छोटा तुकडा सतत फिरतो. त्यात जवळजवळ काहीच घडत नाही, आणि म्हणूनच गोळ्यांचा आवाज आला की तो तुकडा तसाच चालू राहतो याचा काटा येतो. आपण लेहरा धरणाऱ्या साथीदाराला कधी तबल्याशिवाय ऐकले असेल तर मी काय म्हणतो ते लक्षात येईल. 'द आर्ट ऑफ पिअर प्रेशर'ही ऐकावे. पांढऱ्या टोयोटात चौघे बसून एका घरी चोरी करायला निघतात, तेव्हा लमारचा आवाज गप्पा मारल्यासारखा सैल असतो, आणि पोलिसांची गाडी मागे लागली की त्याच मात्रांत तो आवळत जातो. एरवी मी शांत स्वभावाचा, पण आत्ता मित्रांबरोबर आहे, अशा अर्थाची एक ओळ त्यात फिरून फिरून येते. दर वेळी ती थोडी कमी खरी वाटते.

प्रश्न : इतका थोर अल्बम असेल तर त्याला ग्रॅमी का मिळाले नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जानेवारी 2014 च्या सोहळ्यात लमारला सात नामांकने होती आणि एकही पारितोषिक मिळाले नाही. सर्वोत्कृष्ट अल्बमचे पारितोषिक डाफ्ट पंकला गेले. सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे मॅकलमोर आणि रायन लुईस या गोऱ्या जोडीला मिळाले, आणि त्यानंतर मॅकलमोरने ते खरे तर तुलाच मिळायला हवे होते अशा आशयाचा संदेश लमारला पाठवला, आणि तो जगालाही दाखवला. खासगीत मागितलेली माफी चव्हाट्यावर मांडण्याची गरज काय होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. विक्रीच्या यादीत पहिल्या आठवड्यात हा अल्बम दुसऱ्या क्रमांकावर आला, कारण त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा 'रेड' निघाला होता. मात्र 2022 मध्ये, 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या दोनशे अल्बमच्या यादीत एकूण दहा वर्षे काढणारा हा पहिला हिपहॉप स्टुडिओ अल्बम ठरला.

प्रश्न : माझे इंग्रजी बेताचे आहे आणि रॅप मी आजवर ऐकलेले नाही. मुलगी मात्र ऐकते. हा अल्बम ऐकायचा झाल्यास कसा ऐकावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, मुलीला शेजारी बसवून ऐका, बोली समजायला ती उपयोगी पडेल आणि काही ठिकाणी ती आपल्यापेक्षा अधिक संकोचेल. क्रम बदलू नका. एकाच बैठकीत जमत नसेल तर सहाव्या गाण्यानंतर थांबा, तेथे नैसर्गिक विसावा आहे. गाण्यांच्या मध्ये येणारी बोलणी पुढे ढकलू नका. कथा तेथेच सरकते. आपल्यासाठी म्हणून अकराव्या, 'रिअल' या गाण्याचा शेवट सांगून ठेवतो. तेथे पुन्हा फोनवरचे निरोप आहेत. डॉमिनो शोधणारे वडील आता डेव्हची बातमी ऐकून मुलाला समजावतात की कोणाला मारल्याने माणूस खरा ठरत नाही, खरेपणा म्हणजे जबाबदारी. आणि व्हॅनसाठी चिडलेली आई म्हणते, की गाण्यात यश मिळाले तर परत येऊन कॉम्प्टनमधल्या पोरांना तुझी गोष्ट सांग. तिच्या आवाजाला कसलाही अभिनय नाही, आणि इंग्रजी बेताचे असले तरी तो कळतो.

एक व्यावहारिक सूचना. इंटरनेटवर बहुधा याची वाढीव आवृत्ती समोर येते आणि तीत बाराव्या गाण्यापुढे आणखी गाणी जोडलेली असतात. बाराव्या गाण्याच्या अगदी शेवटी कॅसेट फिरल्याचा आवाज येतो आणि तो मुलगा आईला ओरडून सांगतो की जरा व्हॅन घेऊन जातो, पंधरा मिनिटांत परत येतो. हे वाक्य ऐकू आले की पुढची गाणी लागू देऊ नका. तेथेच थांबवा आणि पुन्हा पहिले गाणे लावा.